अण्णाच्या साइडकारची फेरी

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मी काय घोळ घातला, ते दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

मी सातवीतून शाळा सोडली त्या वर्षी माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भंगाराच्या पत्र्यातून साइडकार बनवली आणि आपल्या जुन्या मोटरसायकलला जोडली. बेळगावच्या प्रदर्शनात ती आणायची आणि सगळ्यांबरोबर मैदानाला एक फेरी मारायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पुढं बरीच वर्षं ते राहूनच गेलं आणि गेल्या दसऱ्यानंतर अण्णा वारला. जानेवारीत मीच गाडी टेंपोत घालून नेली.

फेरीची वेळ झाली तसे सगळे आपापल्या गाडीत बसले. मीही बसलो. शिट्टी वाजली, पुढच्या गाड्या निघाल्या. आमची जागची हलेना.

मागचा जीपवाला ओरडला, "लेका, झोपलास व्हय? गाडी काढ की!"

मला राग आला. "मला काय सांगतोस? चालवणाऱ्याला सांग!"

म्हणालो आणि शेजारी बघितलं. सीट रिकामी. मी सवयीनं साइडकारमध्ये बसलो होतो.

लोक हसायला लागले. माझा दोस्त संज्या धावत आला. "आरं, उतर, तूच चालव आता."

मी सीटवर बसून किक मारली. तोवर संज्या साइडकारमध्ये बसून लोकांना हात करत होता. मी कॉलर धरून त्याला बाहेर ओढला.

"आरं, मोकळीच नेणार व्हय?"

"व्हय. तिथं मी बसतो."