सोमवारचा पंचनामा

शहादा स्टँडवर माझ्या शेजारी जिनिंगचे दोन कामगार बसले होते. दोघांच्याही मिशांना कापूस. थोराड होता त्याच्या मांडीवर नवी बॅटरी, अजून खोक्यातच.

"भटूभाऊ, रविवारना शिकारले मी बी येसू. डुक्कर माराले मी कधी गऊ नही."

"आम्ही तरी कधी गऊत? हाई पहिलीच शे. जिनिंगना आठ जण शेतस."

"परवानगी?"

"मियनी, फॉरेस्टवालासनी दिधी. परवानावाला शिकारी बी येस. आपलं काम फक्त हाका देवानं."

"वावर कोनं शे?"

"आपला हेमकांतनं, कळसाडीले. अर्धा एकर ऊस खाई ग्यात डुक्करं."

"मंग शिकार पक्की."

"हेमकांतच शिकारले नही म्हने. बॅटरी दुकानवर परत देवाले चालनू."

"का बरं?"

"नुकसानना पंचनामा सोमवारे शे. म्हने, आठ जण वावरमा घुसनात तर डुकरेसना पायना ठसा मोडी जातीन."

"बरोबर शे."

"तीन दिवसपाईन काठी लीसन बांधवर बठेल शे. मानसेसले आत जाऊ देत नही."

"आनि डुकरेसले?"

"त्या येतस, खातस, जातस. म्हने, ठसा ताजा ऱ्हातस."