कारण: इंजिन गरम

आजच्या सेवापूर्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे आगार व्यवस्थापक माननीय देवकाते साहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती चालक रहिमान मुलाणी, म्हणजे आम्हा सगळ्यांचे रहिमानमामा, पहिल्या रांगेत मघापासून डोळे पुसणाऱ्या जन्नतबीमामी, वर्कशॉपचे बंधू, चालक-वाहक भावांनो आणि बहिणींनो, आणि चारची गाडी घेऊन जायचं सोडून दाराशी उभे असलेले तुम्ही दोघं, तुम्हालाही माझा नमस्कार.

मी मंगल बंडगर, वाहक. आटपाडी–सातारा गाडीवर नऊ वर्षं मामांच्या मागं घंटी वाजवली. साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी बोललेल्या सगळ्यांनी मामांचा स्वभाव सांगितला, हात किती सफाईदार होता ते सांगितलं. वक्तशीरपणाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. का काढला नाही, ते मला कळतं हो. आमची गाडी उशिरा यायची. आज मी त्या उशिराबद्दलच बोलणार आहे.

आठ वर्षांपूर्वी मला शौचावाटे रक्त जायला लागलं. बाईमाणसानं माईकवर असलं बोलावं का? बोलावं. मी चार महिने बोलले नाही, म्हणून तर अंगातलं रक्त निम्म्यावर आलं. सांगलीच्या डॉक्टरमॅडमनी दुर्बिणीतून तपासलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत, हा आजार जन्मभर सोबत राहणार. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा जावं लागायचं, आणि आमची गाडी तर साडेतीन तासांची. दिघंची, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव. कुठल्या स्टँडावरच्या बाथरूमला कडी आहे आणि कुठल्याला नाही, ते मी आजही झोपेत सांगेन.

एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे तुम्ही जाणताच. तीन घंट्या आमच्या दोघांच्या होत्या. भरल्या गाडीत मी तोंडानं काय सांगणार? तीन वाजल्या की मामा बरोबर एखादं हॉटेल, शाळा, ओळखीचं घर बघून गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "इंजान लय गरम झालंय, धा मिनटं थांबू या." लोक मामांना शिव्या घालायचे. मी परत येईपर्यंत मामा कॅन घेऊन उभे असायचे. त्या पाण्याची इंजिनाला कधीच गरज नव्हती, ते मी हात धुवायला वापरायचे. जन्नतबीमामी डब्यात माझ्यासाठी मऊ भात द्यायच्या, तिखटाचा कणसुद्धा नाही. मामाही तोच भात खायचे, मला एकटीला आजारी वाटू नये म्हणून. म्हसवडच्या पुढं त्या लिंबाखाली तो डबा उघडायचा, ते दिवस वाईट होते, पण मला अजून त्यांची आठवण येते.

मॅडमनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं, आणि तोंड सुजून भाकरीएवढं झालं. झोप नाही, भूक राक्षसाची, हनुवटीवर लव. आणि आपली माणसं काय म्हणाली? "मंगल, तब्येत झाली बघ!" आपल्याकडं गाल वर आले की माणूस सुखी. मामासुद्धा म्हणाले, "लय बरं वाटलं बघ, अंग धरलंस." मी त्यांना तिथंच ऐकवलं, की मामा, ही तब्येत नाही, ही गोळ्यांची सूज आहे.

मग मॅडम म्हणाल्या, स्टेरॉइड हळूहळू उतरवू, दुसरी गोळी चालू करू. त्या गोळीच्या डबीत हातभर कागद निघाला. आमचे मालक आकाराम यांनी तो मोठ्यानं वाचला. रक्तातल्या पेशी कमी होतील, लिव्हरला त्रास होईल, जंतुसंसर्ग होईल. ते म्हणाले, रोग परवडला. त्याच आठवड्यात कुणीतरी इस्लामपूरच्या पलीकडच्या एका पुडीवाल्याचं नाव सांगितलं. झाडपाला, शंभर टक्के गुणकारी, दुष्परिणाम एकही नाही. मी सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. पुड्या शाळेच्या वहीच्या पानात बांधलेल्या असायच्या. ते पानही मी वाचलं. त्यावर दुष्परिणाम नव्हते, नऊचा पाढा होता.

आणि गुण आला की! पाच महिने तीनची घंटी वाजली नाही. मी सगळ्या डेपोला त्या पुडीवाल्याचा पत्ता वाटत सुटले होते. माझ्याकडून पत्ता घेतलेलं इथं कुणी असेल तर त्यांनी मला आजच माफ करावं.

एके दिवशी कोरेगावच्या स्टँडावर मामांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "मंगल, राग नको मानू. गोळ्या बंद करून पाच म्हैनं झालं न्हवं? मग तोंडाची सूज का उतरंना?"

मला लय राग आला. तुम्ही डॉक्टर आहात का, असं मी त्यांना म्हणाले. वडिलांच्या वयाचा माणूस! पुढं आठ दिवस मी त्यांच्याशी घंटीशिवाय बोलले नाही. पण रोज सकाळी गाडीच्या आरशात स्वतःचं तोंड दिसायचंच. नवव्या दिवशी मी पुडी घेऊन सांगली गाठली. मॅडमनी ती तपासायला पाठवली. पुडीत स्टेरॉइड होतं, कुटून घातलेलं, किती ते त्या पुडीवाल्यालाही ठाऊक नसणार. म्हणजे ज्या गोळीला मी घाबरले, तीच मी बेहिशेबी खात होते.

मॅडम रागावल्या नाहीत. पुडीही एकदम थांबवायची नाही, अंगाला सवय झाली आहे, जिवावर बेतेल, असं सांगून त्यांनी मोजून गोळ्या दिल्या आणि आठवड्या-आठवड्यानं कमी केल्या. मग माझ्यासमोर कागद घेऊन बसल्या. एका बाजूला नव्या गोळीचे त्रास, दुसऱ्या बाजूला रोग मोकाट सोडला तर काय, आतडं काढायचीसुद्धा वेळ येऊ शकते. पथ्य करा, योगासनं करा, कुणा चांगल्या वैद्यांना भेटा, पण मला सांगून आणि गोळी चालू ठेवून, असं म्हणाल्या. गोळीचा त्रास होईल, पण तो रक्त तपासून वेळेत कळेल, पुडीचा कळणार नाही. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? मी म्हणाले, मॅडम, मला गाडीवरून उतरावं लागेल याची.

सहा वर्षं ती गोळी घेते आहे. सुरुवातीला उलट्या झाल्या, केस विरळ झाले, दर तीन महिन्यांनी दंडात सुई असते. पण मी गाडीवर आहे.

आता त्या उशिराचं. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं, म्हणून परवा मामांची फाईल मागितली. त्यात चार मेमो निघाले, गाडी उशिरा आणल्याचे. चारही ठिकाणी मामांच्या वळणदार अक्षरात कारण लिहिलं आहे: इंजिन गरम. खाली वर्कशॉपचा शेरा: इंजिनात दोष नाही. पंचवीस वर्षं विनाअपघात झाली त्या वर्षी सत्काराच्या यादीतून मामांचं नाव गळलं, ते या चार कागदांमुळं. तेव्हाच्या साहेबांची यात चूक नाही, त्यांनी कागद बघितले. मी त्या वेळी मामांना विचारलं होतं, तुमचं नाव कसं नाही? हसून म्हणाले, "मला कशाला पायजे बिल्ला? शर्टाला भोक पडतंय."

मामा, एक शब्द सांगितला असता तर सुटला असतात. माझं नाव लिहायचं होतं.

देवकाते साहेब, आपल्याला हात जोडून विनंती आहे. त्या चारही कागदांवर माझी सही घ्या. इंजिनात दोष नव्हता. वाहक आजारी होती आणि चालक तिच्यासाठी थांबला होता, एवढं फाईलला लागू द्या, मग ती फाईल बंद करा.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल सगळ्यांची आभारी आहे. जन्नतबीमामी, भाताचे आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कुणा मान्यवरांचं नाव राहिलं असेल, तर लहान बहीण समजून पदरात घ्या. पाच मिनिटांची पंधरा झाली आणि चारची गाडी माझ्यामुळं अजून दारातच आहे. साहेब, आज तिच्या कारणाच्या रकान्यात इंजिन गरम लिहू नका. मंगल बंडगरला मामांना सोडवत नव्हतं, असं लिहा.