चातुर्मासातली कांदाभजी

मंडळी, जरा पुढं सरका. मागून माणसं येतायत, त्यांना जागा द्या. जे खांबाला टेकलेत त्यांनी खुशाल टेकावं — फक्त घोरू नये, माईक जवळ आहे!

आता एक विचारतो. उत्तराची घाई करू नका. माणसानं दारू सोडली, की आपण म्हणतो, ‘सुधारला हो!’ म्हणतो ना? मग मला सांगा — बाटली घराबाहेर गेली आणि बाटलीचा स्वभाव घरातच राहिला, तर त्या घराच्या पदरात काय पडलं? बोला की! बरं, मग ऐका.

कोरेवाडी नावाचं गाव. तिथं सर्जेराव गवंडी. हात असा, की त्यानं उभारलेल्या भिंतीला ओळंबा लावून बघावा, सूतभर फरक नाही! पण संध्याकाळ झाली की भिंत सरळ आणि गवंडी वाकडा! गुत्त्यावरून यायचा तो स्वतःच बांधलेल्या भिंती धरत धरत. आणि घरात आला की? मीठ कमी — ताट भिंतीवर. मीठ जास्त — ताट भिंतीवर. मीठ बरोबर पडलं, तर ‘आज बरोबर कसं पडलं?’ म्हणून ताट भिंतीवर!

हसा, हसा. पण त्या घरात कुणी हसत नव्हतं. बायको मालन खाली बसून भात गोळा करायची, आणि लेक सारिका दाराआडून बघायची. पोरगी बघत बघतच मोठी झाली. लग्न झालं, सासरी गेली, आणि — मायबाप, सांगायला जड जातं — सासरी गेल्यावर ती पहिल्यांदा गाढ झोपली.

पुढं सर्जेरावाचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, ‘आता एक तर दारू राहील, नाहीतर तुम्ही.’ मग तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेला. हात कापायचे, अंगाला घाम सुटायचा, छपरावरून मुंग्या चालल्यासारख्या दिसायच्या. पण गडी हटला नाही! सुटली दारू. खरीच सुटली. घरी आला, अंघोळ केली, महाराजांच्या हातनं तुळशीची माळ घालून घेतली. गावानं देवळात बसवून शाल पांघरली. टाळ्या पडल्या.

आणि इथंच घोटाळा झाला! अहो, शाल पांघरली अंगावर, पण ऊब गेली डोक्यात! सर्जेराव आता ‘बुवा’ झाला. चहाच्या टपरीवर बसून ज्याला त्याला उपदेश. घरी तर विचारूच नका. चातुर्मास लागला — कांदा बंद! लसूण बंद! देवाला फूल उशिरा वाहिलं म्हणून मालनला बोल. उदबत्ती वाकडी लागली म्हणून बोल. दुसऱ्याच्या भिंतीला ओळंबा लावायची सवय, दुसरं काय?

अशात पंचमीला सारिका माहेरी आली. पोटुशी होती, पहिलटकरीण. तिनं आईजवळ सांगितलं होतं, ‘बाळंतपणाला येईन का नाही, ते आत्ता ठरवत नाही. चार दिवस राहून बघते.’ कळलं ना? पोरगी पंचमीला नव्हती आली, बाप बघायला आली होती! आणि मालनचा जीव त्या चार दिवसांवर टांगलेला.

पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही. तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सारिका हळूच म्हणाली, ‘आई, कांदाभजी खावीशी वाटते गं.’ आता माउलींनो, तुम्ही सांगा, डोहाळ्याला चातुर्मास कळतो का? आईनं शेजारून कांदे आणले. भजी तळली. लेकीनं पहिलं भजं उचललं — आणि दारात सर्जेराव!

‘माळकऱ्याच्या घरात कांदा?’

मालन म्हणाली, ‘अवो, पोरीचा डोहाळा हाय —’

ताट भिंतीवर!

सारिका रडली नाही. ओरडली नाही. उठली, पिशवी भरली, चप्पल घातली. आईला म्हणाली, ‘बघितलं गं. जाते.’ आणि स्टँडची वाट धरली.

मालन नेहमीसारखी खाली बसली. भजी गोळा करायला हात पुढं गेला, आणि थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याकडं तोंड करून बोलली.

‘पीत होता, तवा मी पोरीला सांगायची, बाळा, तुझा बाप न्हाई फेकत, दारू फेकती. दारू सुटली की बाप चांगला हाय. आज तर थेंब न्हाई पोटात. आता पोरीला काय सांगू?’

मंडळी, मी इथं तासभर ओरडतोय, पण ह्या बाईनं चार वाक्यांत जे केलं ते माझ्यानं होणार नाही. आजवर दारू सर्जेरावाची ढाल होती! ‘मी नव्हतो, दारू होती.’ आज ढालच नव्हती. भिंतीवर बेसन, आणि समोर तो.

केंद्रात दर आठवड्याला बैठक असते. दारू सुटलेली माणसं गोल करून बसतात, आपलं आपण सांगतात. सर्जेराव दर वेळी सांगायचा, ‘मी थेंब घेतला नाही,’ आणि मिशीला हात लावायचा. त्या आठवड्यात मान खाली घालून म्हणाला, ‘मी पीत नाही. पण पिऊन जे करायचो, ते सगळं चालू आहे. दारू सोडली, घरातला हुकूम नाही सुटला.’ कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला. सर्जेराव हमसून हमसून रडला — आणि खरं सांगतो, तिथून त्याला बरं वाटायला लागलं.

मग एक दिवस लेकीच्या सासरी गेला. सोबत मालन. हातात कांद्याची पिशवी! दारात उभा राहून म्हणाला, ‘सारिके, चूल कुठाय?’

स्वतः बसला. स्वतः कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी — कांद्याचं किती आणि मनातलं किती, त्याचं त्यालाच ठाऊक. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या बघा! ‘महाराज, माळकऱ्यानं चातुर्मासात कांदा?’ अहो, त्यानं खाल्ला नाही, तळला! त्याचा नेम त्याच्यापाशी राहिला. लेकीच्या ताटातून हात तेवढा काढून घेतला.

सारिकानं भजं मोडून बघितलं. म्हणाली, ‘आप्पा, आत कच्चं आहे.’

सर्जेरावाचा हात झाऱ्यावर क्षणभर घट्ट झाला. आणि तो म्हणाला, ‘दे इकडं, परत सोडतो तेलात.’

एवढंच! बाकी काही नाही. ‘चल माझ्याबरोबर’ म्हणायला आला होता, तेही म्हणाला नाही. निघताना म्हणाला, ‘बाळंतपण तुला बरं वाटंल तिथं कर. इथं करणार असशील तर तुझी आई येऊन राहील. मी माझं करून खाईन.’

सातवा सरला आणि एक दिवस लेक कोरेवाडीच्या स्टँडवर उतरली — मोठी पिशवी घेऊन.

नातू झाला. बाराव्याला पाळणा झाला. पुढं एका संध्याकाळी सर्जेराव कामावरून आला. अंगणात पोचतो तो आत बायकांचा हशा. सारिका नकला करत होती — आप्पा कांदे कसे चिरतात, नाक कसं पुसतात, कच्चं भजं बघून तोंड कसं करतात. सर्जेराव उंबऱ्यात उभा. सारिकानं बापाला बघितलं. दोघांची नजर भेटली.

आणि तिनं नक्कल थांबवली नाही, हो! तशीच नाक पुसत म्हणाली, ‘या आप्पा, आत या. तुमचंच चाललंय!’

सर्जेराव आत गेला, मांडी घालून बसला आणि सगळ्यांच्या आधी हसला. त्या दिवशी त्याला कुणी शाल पांघरली नाही. पण मंडळी, सत्कार म्हणतात तो हा!

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, ‘महाराज, आम्ही कधी थेंब घेतला नाही. ही कथा आम्हाला कशाला?’ ऐका. आज कीर्तन संपेल, बुक्का लावाल, प्रसाद घ्याल, घरी जाल. दाराशी पोचल्यावर लगेच आवाज देऊ नका. थोडं थांबा. आत पोरं-बाया हसत असतील, तर गुपचूप आत जा — आणि बघा, तुम्हाला बघून ते हसणं थांबतं का. थांबलं, तर तुम्हाला अजून काहीतरी सोडायचं आहे!

चला, टाळ उचला. देवाचं नाव घेऊ, आणि हळूच घरी जाऊ.