सरांच्या गाडीला धक्का

हसान नाही तर सांगतो. नेर गावात आमच्या गल्लीतल्या पोरापोरींचा स्काउट-गाइडचा वर्ग मी दर रविवारी बिनपगारी घेतो. एकदा मोठ्या तोऱ्यात सांगतलं, "रोज एका गरजू माणसाले मदत करा अन् वहीत लिहा."

पुढच्या रविवारी वह्या उघडल्या. पहिल्या वहीत सातही दिवस एकच ओळ: "सरांच्या गाडीला धक्का मारला." दुसरीत तेच, तिसरीतही तेच.

मी भडकलो. "काहून बे, अख्ख्या गल्लीत दुसरं कोणी गरजू नाही काय?"

पल्लवी उभी राहिली. "आहेत न सर. पण रोज सकाळी हमखास तुमीच भेटता."

बायको म्हणते, आता तरी बॅटरी बदला. कशी बदलू? पोरायच्या संस्काराचा सवाल आहे!