अकरा महिन्यांचे घर

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या न्यासाचे प्रमुख माननीय केशवराव वाळुंज, व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त, लोणावळ्याहून आणि तळेगावहून आवर्जून आलेले निमंत्रित, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या व्यवस्थापिका सविता केदारी, आणि मागच्या दोन ओळींत बसलेले 'थारा' निवासाचे चौदा रहिवासी. निमंत्रणपत्रिकेत त्यांचा उल्लेख 'लाभार्थी' असा आहे. पत्रिका माझ्या नजरेखालून गेली असती, तर तो तसा झाला नसता.

मला गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितले आहे. परंतु गौरवाआधी वस्तुस्थिती मांडावी, ही माझी जुनी खोड. तेहतीस वर्षे कायदा शिकवल्यावर आणि सात वर्षे या न्यासाची कायदा सल्लागार राहिल्यावर ती जाणार कशी?

तर क्रमाने. सात वर्षांपूर्वी, कुरवंडे रस्त्यावरच्या या इमारतीत, वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या माणसांसाठी आपण 'थारा' सुरू केले. दारू सोडा, औषध घ्या, मग खोली मिळेल, अशी अट घातली नाही. आधी खोली आणि तिची किल्ली. डॉक्टर, औषधे, आधारकार्ड, पेन्शनचे अर्ज, हे सगळे त्यानंतर. प्रत्येकाशी अकरा महिन्यांचा करार झाला. त्याचे नूतनीकरण व्यवस्थापिकेने स्वतःच्या सहीने करायचे, असे ठरले. सविताताईंनी ते सात वर्षे एकदाही न चुकता केले. आज सायंकाळी त्या निवृत्त होतात. चौदाही करार पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला संपतात. सविताताईंच्या जागी कोणाचीही नेमणूक झालेली नाही. आणि गेल्या महिन्यात दोन अनोळखी गृहस्थ येऊन खोल्यांची मापे घेऊन गेले.

ही वस्तुस्थिती. आता गौरव.

सविताताईंविषयी माझे पहिले मत प्रतिकूल होते, हे मी लपवत नाही. त्यांच्या नोंदवहीतले शुद्धलेखन मी लाल शाईने तपासत असे. रखमाजी हे आमचे सर्वात जुने रहिवासी. सोमाटण्याच्या फाट्यावर, पुलाखाली, त्यांची तेरा वर्षे गेली होती. खोली मिळाल्यावर आठ महिने ते बाहेर व्हरांड्यात झोपत. दार सताड उघडे, गादी कोरी. मी विचारले, ही खोली वाया का घालवता? दुसऱ्या गरजूला द्या. सविताताई म्हणाल्या, "बाई, खोली त्यांची झालीय. ती वापरायची घाई आपल्याला आहे." मला ते उत्तर उद्धट वाटले. नवव्या महिन्यात रखमाजींनी आतून कडी लावली. सविताताईंनी त्या दिवशीच्या नोंदीत एकच ओळ लिहिली: 'आज दार बंद होते.' त्या ओळीत मला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.

कोणाच्याही दारावर टकटक करून, आतून 'या' येईपर्यंत उभे राहणे, ही त्यांची रीत. पाहुणे सोबत असोत, पाऊस असो. यावर शोधनिबंध लिहिले जातात. त्यांनी ते न वाचता केले.

काल दुपारी मी या सभागृहाची मांडणी पाहायला आले आणि सहज रहिवाशांच्या खोल्यांकडे डोकावले. शालूबाई भिंतीवरचे देव उतरवून लुगड्यात बांधत होत्या. रखमाजी आपले बोचके उशाला घेऊन पुन्हा व्हरांड्यात बसले होते. मी विचारले, हे काय चालले आहे?

"बाई, मॅडमला शाल घातली की आमाला न्यायला गाडी येती," रखमाजी म्हणाले. "दोन ठिकानी बघितलंय म्या. आदी सत्कार, मग कुलूप."

मी म्हटले, घाबरू नका, तुमच्याकडे करार आहे.

"तुमीच लिवलाय न्हवं? मग वाचा की. शेवटची तारीख कंची हाय?"

शालूबाई मध्येच म्हणाल्या, "मी म्हनलं, जिलबी खाऊन जाऊ. उपाशी कशाला निघायचं?" आणि त्या हसल्या. मला हसता आले नाही.

होय, तो मसुदा माझा आहे. अकरा महिने ठेवले की मालकाचा हक्क अबाधित राहतो, हे मी वर्गात शिकवत आले. त्या मसुद्यात एक स्वल्पविरामही चुकलेला नाही. मात्र ज्याला आयुष्यात प्रत्येक ठिकाणाहून उठवले गेले, त्याला मी पुन्हा एक तारीखच दिली, हे मला सात वर्षांत सुचले नाही. ती तारीख पुढे ढकलत राहण्याचे काम एकट्या सविताताईंच्या सहीने केले.

म्हणून मला भीती वाटते. निमंत्रितांपैकी काहींना हे अतिशयोक्त वाटेल. त्यांच्यासाठी सांगते. गेल्या वर्षी आमच्या अमृत यांना पवनानगरला भावाकडे पाठवले. सविताताईंनी दोनदा विरोध केला. मी आणि विश्वस्तांनी तो बाजूला सारला. अहवालात 'पुनर्वसन पूर्ण' हे शब्द मी लिहिले. एकेचाळिसाव्या दिवशी अमृत बसथांब्यावर मृत सापडले. त्यांच्या खिशात आपल्या खोलीची किल्ली होती. ती परत घ्यायची राहून गेली होती, आणि प्रेत कोणाचे हे त्या किल्लीवरच्या क्रमांकावरून कळले.

एका माणसाला एकेचाळीस दिवस पुरले. चौदा जणांना किती पुरतील? हा हिशेब करायला मी धजत नाही.

केशवराव, ती मापे कशासाठी घेतली, असे मी आपणांस दोनदा विचारले. "बघू, माधवीताई," असे आपण दोन्ही वेळा म्हणालात. शनिवार-रविवारच्या पर्यटकांना इथल्या खोल्या किती दराने जातात, हे सबंध लोणावळ्याला ठाऊक आहे. मी आरोप करत नाही. मी घाबरले आहे, आणि घाबरलेल्या माणसाला 'बघू' पुरत नाही.

सविताताई, आपण सात वर्षे जे केले त्याला आभार हा शब्द तोकडा आहे, तरी तो स्वीकारावा. लाल शाईबद्दल क्षमाही करावी. श्रोत्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकले, त्यांची मी ऋणी आहे. प्रसंगाचे औचित्य कुठे सुटले असेल, तर तो दोष माझा समजावा.

अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न एकच आहे. तीस तारखेनंतर हे चौदा जण याच खोल्यांत, मुदतीची अट न घालता, राहणार आहेत की नाहीत? मुदतीचे कलम काढलेला मसुदा मी सोबत आणला आहे. उत्तर लेखी हवे, आपल्या सहीचे, आणि ही सभा उठण्यापूर्वी. कृपया मोठ्या अक्षरांत लिहावे. मागच्या ओळींतली माणसे ते स्वतः वाचणार आहेत. मी वाचून दाखवलेल्यावर ती आता विश्वास ठेवत नाहीत.