चहाला नावं

लीड्सच्या इस्पितळाबाहेरचा बसथांबा. माझ्यामागे एक इंग्रज म्हातारा आणि त्याची अमेरिकन बायको.

"डॉक्टर म्हणाल्या, माझी गाठ साधी आहे. त्यावर तू नुसतं 'बरं' म्हणालास, क्लाइव्ह. आमच्याकडच्या विनोदी मालिकेत सगळ्यांनी मिठ्या मारल्या असत्या."

"आमच्या मालिकेत मी बाहेर पडताना जिन्यावरून गडगडलो असतो."

"त्यात हसायचं काय?"

"तुमच्यात सगळे शेवटी जिंकतात, डार्लीन. त्यात तरी काय?"

"निदान एकमेकांशी गोड बोलतात."

"मीही बोललो की, महिनाभर."

"तेच तर. महिनाभर माझ्या चहाला छान म्हणत होतास. मी धसकाच घेतला होता."

"मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवून केलेला चहा. गटारात ओतला तर उंदीर तक्रार करतील."

"अजून बोल."