लाकडाच्या मशीनवर लोखंड

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती एका लोखंडी पाइपमुळं. तुम्ही हसाल, पण ऐका.

घरामागं आमच्या ह्यांचं फर्निचरचं शेड आहे. तिथं लाकूड कापायचा बँडसॉ आहे. संध्याकाळी दिवाणाच्या पायांसाठी पाइप कापायचा होता, आणि वेल्डिंगवाला नेमका फुलंब्रीला गेलेला. ह्यांनी पाइप सरळ बँडसॉवर धरला.

"अहो, ते लाकडाचं मशीन आहे!"

"ॲल्युमिनियम कापलं की याच्यावर. लोखंडाला काय शिंगं असतात?"

शिंगं नव्हती, ठिणग्या होत्या. पात्याचे दात गेले आणि ठिणग्या खालच्या भुशाच्या ढिगात पडल्या. ह्यांनी वरून तांब्याभर पाणी मारलं आणि जेवायला बसले. भुसा आतल्या आत धुमसतो, हे मी रात्री कितीदा तरी सांगितलं. मी बी.एस्सी. आहे, पण आमच्या घरात माझ्या शास्त्राला काळजी म्हणतात.

सकाळी पुन्हा म्हटलं, "तो ढीग तेवढा बाहेर काढा."

"पेटायचं असतं तर रात्रीच पेटलं असतं. लई टेन्शन घेती तू. पोरगी पण अशीच भित्री व्हायची."

तेही खरं वाटलं. मनातल्या मनात मी हे घर कितीदा तरी जाळलंय, आणि होत कधीच काही नाही. मी चहा गाळायला घेतला.

तेवढ्यात आमची चार वर्षांची मुक्ता मागच्या दारातून आली. केसांत भुसा. माझा हात ओढत म्हणाली, "आई, चल ना, भुशात बसू. आज तिथं मस्त गरम लागतंय."